गाडी काय रेडो आसा?

दसऱ्यानंतरचा रविवार, संध्याकाळचे साडेपाच वाजलेले, आमच्या गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक बंद पडलेली चिरेखाण आहे तिच्यात मी गाडी उतरवलेली आणि वर काढताना पुढच्या उजव्या चाकाकडून काडकन आवाज आला. सुकी फांदी मोडावी तसा. त्यानंतर जरा गॅस दिला की खालून कर्र कर्र कर्र, आणि गाडी जागची हलेना. शेजारी बसलेला मित्र माझ्याकडे न बघता म्हणाला, "बंद कर आता."

गाडी २०१३ ची आहे, डिझेल, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारी, आणि चढ-चिखलात हळू पण जोरात ओढणारा "लो" गियर असलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मोडली ती माझ्या पायाने, तिच्यात काही खोट नव्हती. घेतली होती कलमांच्या बागेत जायला. देवगड तालुक्यात ज्यांच्या बागा सड्यावर आहेत त्यांना माहितीये, फवारणीचा पंप आणि पाण्याच्या टाक्या घेऊन वर जायचं म्हणजे काय असतं. पण एकदा का हातात लो गियर आला की माणूस बागेपुरता थांबत नाही, पुढची पाणंद बघूया, त्या पऱ्यातून (ओढ्यातून) जातेय का बघूया असं करत करत आम्ही तिघे मित्र महिन्यातून एक रविवार असाच घालवायला लागलो.

दोन गोष्टी मात्र आम्ही करत नाही. बीचवर गाडी घालत नाही, एक तर बंदी आहे आणि तांबळडेगसारख्या ठिकाणी कासवं अंडी घालायला येतात, आणि खाऱ्या पाण्यात गाडी बुडवणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही. दुसरं, मोकळ्या कातळावर नवीन वाट पाडत नाही. कुडोपीला कातळशिल्पं सापडली तशी आपल्याही सड्यावर गवताखाली काय असेल सांगता येत नाही, टायर फिरला की संपलं. म्हणून जुन्या खाणींचे ट्रकरस्ते. तिथे आधीच सगळं खणून झालेलं असतं, अजून वाईट काय करणार.

तर खाण. चिरे कापून नेले की मागे पायऱ्या राहतात, सरळ कापलेल्या, काही वीतभर काही हातभर. परतीचा पाऊस नुकताच पडून गेलेला, खाली पाणी साचलेलं, जांभ्यावर शेवाळ. वर येताना शेवटच्या पायरीवर गाडी तिरकी चढत होती, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, उजवं पुढचं चाक हवेत. पुढचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारी गियरपेटी) साधा असल्यामुळे जे चाक हवेत तेच फिरणार, आणि ते गरागरा फिरत होतं, चिखल उडवत होतं, मला वाटलं जरा अजून रेस दिली की मागची चाकं ढकलतील. त्यांनी ढकललंच. गाडी पुढे झुकली, फिरतं चाक धपकन जांभ्याच्या कोपऱ्यावर बसलं, एका क्षणात थांबलं, आणि त्या थांबण्याचा सगळा हिशोब एक्सलच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या, टोकाला असलेल्या सीव्ही जॉइंटने (चाक वळलेलं असतानाही जोर पोचवणारा सांधा) चुकता केला.

रात्री मी गणित मांडलं. इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, अडीचशे न्यूटन मीटरच्या आसपास, पहिला गियर साधारण ४ पट, लो मध्ये अडीच पट, पुढे डिफरन्शियलमध्ये पुन्हा ४ पट, म्हणजे ४० पट, म्हणजे चाकांपाशी सगळा मिळून १०,००० न्यूटन मीटर. तो चारही चाकांत वाटला जातो हे खरंय, पण वेगात फिरणारं जड चाक अचानक थांबलं की त्याचा झटका या हिशोबात बसतच नाही, तो वरून येतो. आणि सीव्ही जॉइंट सरळ असताना जेवढा दणकट असतो तेवढा तो स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर राहत नाही, त्याच्या आतले छरे खाचेच्या कडेला गेलेले असतात. मी त्याला सगळ्यात वाईट कोनात सगळ्यात मोठा झटका दिला होता. पाय काढला असता तर चाक थांबून मग टेकलं असतं. एवढंच करायचं होतं.

टॉर्च घेऊन खाली वाकलो तर जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून लोंबतोय, काळं ग्रीस रिमला, ब्रेकला, लोअर आर्मला, सगळीकडे. जॉइंटची कटोरी उभी तडकलेली आणि आतला पिंजरा फुटून बाहेर. अशा जॉइंटमध्ये सहा छरे असतात, त्यातले दोन जांभ्यावरच पडलेले मिळाले, चांगले गोट्यांएवढे, गुळगुळीत, एकावर नखाएवढा टवका उडालेला. मित्राने ते रुमालात बांधून खिशात टाकले. का ते त्यालाही माहीत नव्हतं.

आता बाहेर कसं काढायचं. माझी समजूत अशी की फोर व्हील काढून टाकलं, टू व्हीलवर घेतलं की मागची चाकं ढकलतील आणि पुढचं मोडलेलं आपलं लोंबत राहील. दुसऱ्या मित्राच्या गाडीने पट्टा लावून खाणीतून वर ओढलं तोपर्यंत ठीक, पण सपाटीवर आल्यावर मी स्वतःच्या जोरावर दहा फूट गेलो असेन तर खालून धाडधाड आवाज. डावं चाक रस्त्यावर फिरतंय, ते डिफरन्शियल फिरवतं, आणि उजवा शाफ्ट टोकाला मोकळा असल्यामुळे तो उलटा गरागरा फिरून ब्रेकच्या होजवर आपटत होता. अजून शंभर फूट गेलो असतो तर ब्रेक पण गेले असते. हे कुणालाही सुचलं नव्हतं, तिघांनाही, आणि तिघेही स्वतःला तज्ज्ञ समजतो.

शेवटी गाडीत आंब्याच्या पेट्या बांधायचं सुंभ होतं, त्याने शाफ्टचं मोकळं टोक वरच्या आर्मला घट्ट बांधलं, टू व्हीलची खात्री केली आणि माणूस चालतो त्या वेगाने दीड किलोमीटर मित्राच्या घराच्या खळ्यापर्यंत आणली. मध्ये दोनदा थांबून सुंभ बघितलं. काकींनी दारातूनच विचारलं, "रे, जेवलास काय?" गाडीबद्दल एक शब्द नाही. बरं वाटलं.

त्याच रात्री मी घाई केली, आणि या सगळ्या प्रकरणात एक्सल मोडण्यापेक्षा मोठी चूक ती. फोन करून शहरातल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं होतं, त्यांनी सांगितलं फक्त जॉइंट मिळत नाही, पूर्ण असेंब्ली घ्या, मागवून देतो, तीन आठवडे. किंमत ऐकून मी थँक यू म्हणून फोन ठेवला. मग कोल्हापुरात राहणाऱ्या मावसभावाला सांगितलं की बाबा सकाळी स्पेअर पार्टच्या दुकानात जा आणि फक्त बाहेरचा जॉइंट, बूट, क्लिपा आणि ग्रीस असा किट घे आणि बसने पाठव. ३,८०० रुपये. मोडलाय जॉइंट तर जॉइंट आणायचा, शाफ्ट कशाला, असा माझा साधा हिशोब. काहीही न उघडता, टॉर्चच्या उजेडात.

सोमवारी सकाळी टोचन करून गाडी मिस्त्रीकाकांच्या गॅरेजला नेली. गॅरेज म्हणजे फणसाच्या झाडाखाली चार पत्रे, एक वेल्डिंग सेट, आणि मागे नांगरून ठेवल्यासारखे पडलेले पॉवर टिलर. काका साठीच्या पुढचे, आयुष्यभर ट्रक आणि मच्छीमार बोटींची इंजिनं केलेली. त्यांनी गाडीखाली एकदा बघितलं, उठले, हात पुसले आणि मला म्हणाले,

"झिला, गाडी काय रेडो आसा? खाणीत घालून नांगरूक गेल्लंस काय?"

मी म्हटलं काका जॉइंट मागवलाय, उद्या येतोय. ते म्हणाले, "मागवलंस? न काढता?" आणि पुढे काही बोलले नाहीत. तेव्हाच कळायला हवं होतं.

मग हब नट. ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, शाफ्ट बाहेर काढायचा तर चाकाच्या मधोमध जो मोठा नट असतो तो आधी सुटायला हवा, आणि तो गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा, जॅकवर उचलल्यावर नाही, नाहीतर चाक फिरत राहतं आणि जोर करताना गाडी घोडीवरून (लोखंडी स्टँडवरून) खाली यायची भीती. हेल्पर पोरगा आत बसून ब्रेक दाबून, मी पान्याला लटकलेलो. नटाची कड आत ठोकून बसवलेली असते ती छन्नीने सरळ केली. पण आमच्याकडची हवा. समुद्र तीन किलोमीटरवर, दहा-बारा वर्षं ती खारट हवा खाऊन नट आणि शाफ्ट एकजीव झालेले. पान्याला चार फुटी पाइप लावला, पाइप वाकला. दुसरा जाड पाइप आणला, त्यावर हेल्पर उभा राहिला, गोटी पाना तडकला. संध्याकाळपर्यंत हेच. शेवटी काकांनी नटावर गंज सोडवायचं तेल ओतलं, वर चिंधी गुंडाळली, आणि म्हणाले आता रात्रभर भिजांदे.

हेल्पर पोराला स्वस्थ बसवेना. त्याने चाकासमोर हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, अगदी देवळात घालतात त्या सुरात, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान गाडयेचो जॉइंट मोडून हाडल्यान हा, तेचो नट सुटांदे, तेका नवो शाफ्ट गावांदे, आणि पुन्ना खाणीत जावची बुद्धी होव नको रे म्हाराजा!" आणि पंक्चर काढायला आलेल्या दोन अनोळखी माणसांसकट सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" मी पण ओरडलो, काय करणार.

मंगळवारी सकाळी नवीन गोटी पाना, जाड पाइप, दोघे लटकलो आणि कटाक. त्या आवाजाइतका सुंदर आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

पुढचं काम भराभर झालं. चेसिसखाली घोडी, चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर काढून तारेने वर टांगला (होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, आतून तुटतो आणि बाहेरून दिसत नाही), एबीएसच्या सेन्सरची वायर सोडवली. टायरॉडचा बॉल जॉइंट सोडवताना मी हातोडा उचलून थेट आट्यांवर मारायला निघालो होतो, काकांनी हात धरला. त्यांची पद्धत अशी की नट नुसता सैल ठेवायचा, आणि नकलच्या (चाकाचा हब ज्यात बसतो तो भाग) ज्या डोळ्यात बॉल जॉइंटचा निमुळता दांडा बसलेला असतो त्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन हातोडे मारायचे. दोन फटक्यांत टुण्णकन खाली. आटे शाबूत, रबर शाबूत. मग लोअर आर्मखाली जॅकचा आधार देऊन वरचा बॉल जॉइंट सोडवला, नकल बाहेरच्या बाजूला कलंडला आणि शाफ्टचं तुटकं टोक हबमधून मागे ढकललं. तेही गंजलेलं होतं, पण नट उलटा लावून वर पितळेचा तुकडा धरून ठोकल्यावर आलं. लोखंडी हातोडा सरळ टोकावर मारला की आटे फुलतात आणि मग ते टोक हबमधून कधीच निघत नाही, हे काकांनी मला तीन वेळा सांगितलं म्हणजे त्यांनी कधीतरी ते केलेलं असणार.

आतलं टोक डिफरन्शियलमध्ये एका छोट्या सर्क्लिपवर (तारेच्या कडीवर) अडकलेलं असतं. दोन बाजूंनी दोन पहारी लावून एकदम झटका. खाली घमेलं धरलेलं होतं, शाफ्ट आला आणि मागोमाग तेल, आणि ते तेल बघून सगळे गप्प झाले. डिफरन्शियलच्या हाउजिंगचं तेल मधासारखं दिसायला हवं, हे दुधाच्या चहासारखं.

"पाणी गेला," काका म्हणाले.

याचा मोडलेल्या जॉइंटशी संबंध नव्हता, हे माझं जुनं पाप. डिफरन्शियल चालून गरम झालेला असतो, तसाच पऱ्यात घातला की एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि बाहेरचं काहीतरी आत ओढते. त्यासाठी वरती ब्रीदरची नळी असते, तिथून हवा यावी म्हणून. माझ्या ब्रीदरच्या टोकाला चिखल सुकून दगड झालेला. मग हवा यायला दुसरी वाट नाही म्हणून तेलाच्या सीलमधून पाणी आत गेलं. किती दिवस ते तसं चालत होतं देव जाणे. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी लेप होता, तो चालतो, तुकडे नव्हते. बेअरिंगं हाताने फिरवून बघितली, वाचली होती. म्हणजे जॉइंट मोडला नसता तर मी अजून वर्षभर त्याच तेलावर फिरलो असतो आणि मग क्राऊन पिनियन, म्हणजे डिफरन्शियलचे मुख्य गियर, घेऊन बसलो असतो, ज्याचा खर्च या सगळ्याच्या चौपट. हे मी घरी सांगताना "बरं झालं मोडला" असं म्हणालो तर बायकोने ज्या नजरेने बघितलं ते इथे लिहीत नाही.

दुपारी बसमधून किट आला. आनंदाने उघडला. आता जुन्या जॉइंटचा आतला जो तुकडा शाफ्टवर राहिला होता तो काढायचा आणि नवीन बसवायचा. तो सरकेना. सर्क्लिप काढली, ठोकलं, तापवलं, अर्ध्यावर येऊन अडकला. काकांनी शाफ्ट उजेडात नेला, चिंधीने पुसला, खिशातली स्टीलची पट्टी दात्यांवर ठेवली आणि मला बोलावलं. शाफ्टच्या टोकाचे दाते सरळ जायला हवेत. माझे पीळ दिलेल्या सुंभासारखे तिरके गेले होते.

"ह्यो आजचो न्हय," काका म्हणाले. "आदीच पिळावलेलो. जॉइंट मागसून गेलो."

म्हणजे शाफ्टला पीळ आधी कधीतरी बसलेला, बहुतेक गेल्या वर्षी मी एका ओढ्यात असाच अडकून रेस मारली होती तेव्हा. लोखंड पिळलं तरी तुटत नाही, गाडी चालत राहते, आपल्याला वाटतं काही झालं नाही. अशा पिळलेल्या दात्यांवर नवीन जॉइंट ठोकून बसवणारे लोक आहेत, बसतोही कधीकधी, आणि पुढच्या वेळी तिथूनच तुटतो. ३,८०० रुपयांचा किट घेऊन मी फणसाखाली बसलो. दुकानदार उघडलेला किट परत घेणार नव्हता. आधी काढा, बघा, मग मागवा, हे काका सोमवारी एका प्रश्नात सांगून गेले होते.

दुसऱ्या वेळी त्यांनी मला मोजायला बसवलं. हबकडचे दाते किती, डिफरन्शियलकडचे किती, ग्रीस पेनने पहिल्या दात्यावर खूण करून दोनदा मोजायचे कारण एक इकडेतिकडे झाला की शाफ्ट आत जाणारच नाही. टोकापासून टोकापर्यंत लांबी, सील जिथे बसतो तिथला व्यास, आणि एबीएसची दातेरी रिंग आहे की नाही. सगळ्याचे फोटो, बाजूला मोजपट्टी ठेवून. ते मावसभावाला पाठवले, बुधवारी तो बिचारा सुट्टी टाकून कोल्हापुरात फिरला. एका ठिकाणी जुन्या गाडीचा काढलेला शाफ्ट ४,००० ला मिळत होता, पण बूट फाटके आणि आत ग्रीसच्या जागी वाळू. दुसरीकडे आफ्टरमार्केटचा, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला, नवा पूर्ण शाफ्ट, दोन्ही जॉइंटसकट, ९,५००. दात्यांचे फोटो एकमेकांना पाठवून जुळवले, मगच घेतला. गुरुवारी फोंडा घाटातून येणाऱ्या एका ओळखीच्या टेम्पोवाल्याकडे दिला, त्याने तो कणकवलीत उतरवला, तिथून मी बाइकवर आडवा बांधून आणला. रस्त्यात दोघांनी विचारलं बंदूक आहे का म्हणून.

शुक्रवारी जोडणी. जुना सील उचकटून नवीन बसवला, गोल लाकडी ठोकळा ठेवून चारी बाजूंनी सारखा ठोकत, तिरका गेला की गळणार. ओठाला ग्रीस. शाफ्ट आत घालताना दोन माणसं लागतात कारण त्याच्या धारदार दात्यांनी नवाकोरा सील कापला जातो, एकाने वजन उचलून धरायचं, दुसऱ्याने सरळ रेषेत सरकवायचा. सर्क्लिपची फट खालच्या बाजूला ठेवून एक दणका दिला की टक असं जाणवतं, मग हाताने बाहेर ओढून बघायचं, आला नाही म्हणजे बसला. तो टक पहिल्या दोन प्रयत्नांत आला नाही, तिसऱ्यांदा आला.

नवीन शाफ्टच्या बुटांच्या क्लिपा काकांनी उगाच सोडून परत आवळल्या कारण आत ग्रीस किती आहे ते त्यांना बघायचं होतं. एकात कमी वाटलं. मी चेसिसला मारायचं पिवळं ग्रीस पुढे केलं तर ओरडले. सीव्ही जॉइंटला काळं, मॉलिब्डेनमवालं ग्रीसच लागतं, ते दाबाखाली टिकतं, साधं ग्रीस चालवलं की काही महिन्यांत जॉइंट टकटक करायला लागतो. वाया गेलेल्या किटमध्ये त्याची पुडी होती. ३,८०० पैकी एवढं तरी वसूल झालं.

हब नट नवाच लावला, जुना परत वापरायचा नसतो. मित्राने टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला क्लिक होणारा पाना) आणला होता, मॅन्युअलमधला आकडा लावून गाडी चाकांवर उतरवल्यावर आवळला. काका बाजूला हात बांधून बघत होते, त्यांचा त्या यंत्रावर विश्वास नव्हता, पण क्लिक झाल्यावर त्यांनी स्वतः एकदा हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "माझो हातव तेवढोच सांगता." असेलही. ब्रीदरची नळी तारेने साफ केली, पुढे जास्तीचा पाइप जोडून बोनेटखाली उंच नेऊन बांधली, चाळीस रुपयांचं काम. हाउजिंगमध्ये ८०डब्ल्यू-९० जीएल-५ तेल, आधी थोडं घालून डावं-उजवं चाक हाताने फिरवून, काढून, म्हणजे राहिलेलं पाणी धुऊन येईल, मग भरण्याच्या भोकातून सांडेपर्यंत ताजं. काकांनी पाच दिवसांची मजुरी २,५०० सांगितली. मी ३,००० दिले तर ५०० परत केले आणि म्हणाले, त्या पैशांचे पोराक वडे घाल.

शनिवारी ट्रायल. मैदानात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून सावकाश गोल, मग पूर्ण उजवीकडे, काचा खाली करून कान देऊन. आवाज नाही. फोर व्हील डांबरी रस्त्यावर लावून बघायचं नाही, त्यात पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि नवीन शाफ्टवर उगाच ताण येतो, म्हणून मऊ मातीत जाऊन लो लावला. चारही चाकं फिरली. बॉल जॉइंट उघडले होते म्हणून कणकवलीला जाऊन अलाइनमेंट करून घेतलं, गाडी थोडी डावीकडे ओढत होती ती सरळ झाली. ५०० किलोमीटरनंतर तेलाचा प्लग उघडून बघितला, रंग मधासारखा.

खाणीकडे अजून गेलो नाही, बागेत मात्र रोज जातो आणि हवेत चाक दिसलं की पाय आपोआप वर येतो. मित्राने ते दोन छरे माझ्या पोरीला दिले, तिने एक अंगणात हरवला. जुना शाफ्ट मी भंगारात देणार होतो पण काकांनी दिला नाही, दोन्ही जॉइंट कापून टाकले, एक टोक तापवून चपटं केलं, धार लावली आणि जमिनीत पुरायला खाली पाय वेल्ड केला. आई आता नारळ त्याच्यावर सोलते. पहिल्या दिवशी चार नारळ सोलून म्हणाली, "ह्या बरा आसा. तुझ्या गाडयेत असला अजून कितीसा आसा रे?"